वारशात बोडी आली आहे? पाळ कशी तपासायची, कशी राखायची

सातबाऱ्यावर माझं नाव चढलं तेव्हा वाटलं होतं, सहा एकर धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातखाचरं) मिळाल्या आणि वरती एक बोडी फुकटात आली. दुसऱ्याच वर्षी, पोळ्याच्या आठवड्यात, रात्री नऊला चुलतभावाचा फोन आला. “दादा, पाळीच्या मागच्या अंगानं पाणी सुटलंय. काय करू?” मी नागपुरात, तो भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात. मी मोठ्या अधिकारानं सांगितलं, “चिकणमाती आण आणि दाबून बुजव.” सल्ला साफ चुकीचा होता. नशिबानं त्या रात्री चिखलात ट्रॅक्टर गेला नाही आणि माती टाकायची राहून गेली.

त्यानंतरच्या चार वर्षांत जे शिकलो, ते इथे क्रमानं लिहितो आहे. तुमच्याकडे अशीच जुनी, घरची, मातीची बोडी असेल तर माझ्याइतका वेळ तुमचा जाऊ नये.

ज्यांनी बोडी पाहिली नाही त्यांच्यासाठी: पूर्व विदर्भात उताराच्या तोंडाशी मातीची पाळ घालून पाणी अडवतात आणि रोवणीला किंवा धान लोंबीवर आल्यावर पावसानं दडी मारली की ते खालच्या बांध्यांना सोडतात. मोठ्या तळ्याला तलाव म्हणतात, शेतातल्या छोट्याला बोडी. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, ते १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर सरकारकडे गेले. शेतातल्या बऱ्याचशा बोड्या मात्र मालकांकडेच राहिल्या, आणि त्यांची जबाबदारीही.

ही जबाबदारी किती एकट्याची आहे ते आधी समजून घ्या. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरच्या धरणांना लांबी, साठा, पूर अशा काही अटी बसल्या तरच. आमची पाळ साडेतीन मीटर. नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेचा माणूस ती तपासायला येणार नाही, कधीच. साडेतीन मीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढं पाणी रात्री एकदम सुटलं तर खालच्या वीटभट्टीवरच्या झोपड्या उरत नाहीत.

आधी हे जमवा

कागद:
- सातबारा आणि आठ-अ, सगळ्या सहहिस्सेदारांच्या नावांसह
- जुने फेरफार, विशेषतः वाटणीचे
- गाव नकाशा आणि मिळाल्यास जुन्या बंदोबस्ताचा नकाशा
- निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या वापराच्या आणि वहिवाटीच्या हक्कांच्या सरकारी नोंदी) यांचे उतारे
- भूमी अभिलेखची मोजणीची ‘क’ प्रत
- सहहिस्सेदारांचं संमतीपत्र, साध्या कागदावर चालेल पण सह्या हव्यात

सामान: पंचवीस-तीस मीटरची पारदर्शक नळी, मोजपट्टी, दोन सरळ बांबू, १५ लिटरची बादली, झाकणाची पारदर्शक बाटली, लोखंडी सळई, खुंट्या, विळा, चांगली बॅटरी आणि जाड पुठ्ठ्याची वही. सगळ्यात जास्त उपयोग वहीचा होतो. मोबाइलमधले फोटो मोबाइलबरोबर जातात.

१. बोडी कुणाची आणि पाणी कुणाचं, हे आधी ठरवा

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमीन तुमची असली तरी पाण्यावर, गाळावर, मासोळीवर किंवा जनावरांच्या पाणवठ्यावर गावाचा वहिवाटीचा हक्क नोंदलेला असू शकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ खाली निस्तार पत्रक आणि कलम १६५ खाली वाजिब-उल-अर्ज असतो. हे दोन्ही तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) बहुधा मिळत नाहीत. मला तिसऱ्या खेपेला मिळाले, आणि कळलं की खालच्या दोन घरांना आमच्या बोडीतून पाणी घेण्याचा हक्क आहे. आमच्या वडिलांनी ते कधी सांगितलं नव्हतं. त्या घरांचा राग मात्र वीस वर्षांचा होता.

हे आधी केलं म्हणून पुढे बरंच सोपं गेलं. ज्याचा पाण्यात वाटा आहे तो पाळीवर फावडं घेऊन येतो.

नुकसानभरपाईचा प्रश्न लोक हमखास विचारतात. मी वकील नाही, पण एक जुना निकाल सांगण्यासारखा आहे. मद्रास इलाख्यातल्या एका जमीनदाराचे जुने तलाव पुरात फुटले, रेल्वेचं नुकसान झालं, आणि रेल्वे कंपनी दावा लढत थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेली. १८७४ मध्ये निकाल जमीनदाराच्या बाजूनं लागला. असे तलाव राखणं हे त्याचं पिढीजात कर्तव्य आहे, निष्काळजीपणा दिसत नसेल तर तो देणं लागत नाही, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे सगळं ‘काळजी घेतली होती का’ या एका प्रश्नावर येऊन थांबतं, आणि त्याचं उत्तर तुमच्या वहीत असतं.

२. उन्हाळ्यात पाळ उघडी करा

झाडोऱ्यात दडलेली पाळ तपासता येत नाही. एप्रिलमध्ये, पाणी तळाला गेलेलं असताना, बेशरम, रायमुनिया आणि सगळी झुडपं काढा. बेशरम नुसती कापली तर दुप्पट फुटते, मुळासकट उपटा आणि पाळीपासून दूर नेऊन वाळवा. हरळी मात्र ठेवा, ती मातीला धरून राहते. जाळायचा मोह टाळा, कारण गवत जळालं की पहिल्या पावसात पाळीच्या अंगावर घळी पडतात.

आता तीन फेऱ्या मारा: एक पाण्याकडच्या उतारावरून, एक माथ्यावरून, एक मागच्या पायथ्यावरून. मागची फेरी कुणी मारत नाही, तिथे काटे असतात आणि लोक शौचाला बसतात. पण दुखणं दिसतं ते तिथेच.

काय शोधायचं? पाळीच्या लांबीनं जाणारी भेग म्हणजे कडेची माती घसरू पाहते आहे. पाळ आडवी कापून जाणारी भेग त्याहून वाईट, कारण पाण्याला ती आयती वाट. काळ्या मातीच्या पाळी उन्हाळ्यात तडकतातच. बारीक तडे पावसात मिटतात, पण हात आत जाईल अशी भेग खणून, खालपर्यंत जाऊन, ओल्या मातीनं थराथरानं भरावी लागते. वरून माती ओतून झाकलेली भेग मिटत नाही, नुसती दिसेनाशी होते. याशिवाय कुठे पाळ पोटात गेल्यासारखी किंवा मागे फुगल्यासारखी दिसते का, उन्हाळ्यातही हिरवं राहिलेलं गवत किंवा लव्हाळं कुठे आहे का, हेही बघा. एप्रिलमध्ये पायथ्याशी हिरवळ दिसली तर आनंदू नका.

३. माथ्याची पातळी काढा

मला सगळ्यात मोठा धक्का इथे बसला. पारदर्शक नळीत निळीचं पाणी भरलं, एक टोक सांडव्याच्या (जादा पाणी बाहेर पडायची ठेवलेली वाट) उंबऱ्यावर भावानं धरलं, दुसरं मी पाळीवर दर दहा पावलांवर. एका टप्प्यात नळी पुरत नाही, म्हणून खुंट्या ठोकत पुढे सरकायचं. नळीत बुडबुडा राहिला तर सगळी मापं चुकतात. आमचा पहिला दिवस त्यातच गेला.

पाळीचा माथा सांडव्यापेक्षा साधारण ९० सेंटिमीटर उंच भरला. मधोमध, जिथून वर्षानुवर्षं बैलबंडी आणि आता ट्रॅक्टर ओलांडतो, तिथे फक्त ४०. डोळ्यांना ही खोलगट जागा कधी जाणवलीच नव्हती, उलट ती पाळीवर चढायची सोयीची वाट होती. मातीच्या पाळीची उंची म्हणजे तिच्या सर्वांत खालच्या जागेची उंची. पाणी एकदा माथ्यावरून वाहायला लागलं की मागचा उतार खणत खणत काही वेळात पाळ कापून टाकतं. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलं तर तो टिकू शकतो, मातीची पाळ नाही. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेतल्या मोरबीच्या वरचं मच्छू-२ धरण असंच गेलं: मधला पक्का सांडवा उभा राहिला आणि दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वाहून गेले.

४. सांडवा पुरतो का, हे गणितानं बघा

“आजोबांच्या वेळेपासून पुरतोय” हे उत्तर धरू नका. आजोबांच्या वेळी वरच्या बाजूला झुडपी जंगल होतं, आता तिथे नांगरट आहे. पाणी तेव्हा मुरत येत होतं, आता धावत येतं.

गणित शाळेच्या पातळीचं आहे. बोडीत किती जमिनीचं पाणी येतं ते गाव नकाशावर किंवा गूगल अर्थवर मोजा. आमचं येवा क्षेत्र ४० हेक्टर. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरा, त्यातलं निम्मं वाहून येतं असं धरा. मग ०.५ × १०० × ४० ÷ ३६० = सुमारे ५.५ घनमीटर पाणी दर सेकंदाला.

रुंद, सपाट सांडव्यावरून जाणारं पाणी म्हणजे १.७ × रुंदी × (उंबऱ्यावरच्या पाण्याची उंची)चा दीडवा घात. पाणी अर्धा मीटर चढू द्यायचं असेल तर एका मीटर रुंदीतून ०.६ घनमीटर जातं, म्हणजे रुंदी ९ मीटरच्या पुढे हवी. ३० सेंटिमीटरच चढू द्यायचं असेल तर २० मीटर. आमचा सांडवा होता ४ मीटर. त्यातून हे पाणी काढायला ते ८७ सेंटिमीटर चढावं लागतं, आणि ट्रॅक्टरच्या वाटेवर पाळ संपते ४० वर. एका मोठ्या पावसाचाच प्रश्न होता. बोडीच्या पोटात थोडं पाणी सामावतं म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी येईल, पण तेवढी सवलत राखीव ठेवा, गणितात खर्चू नका.

हे माझं कच्चं गणित आहे. सांडवा नव्यानं बांधायचा असेल तर जलसंधारणातल्या जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्या. पण त्याच्याकडे जाताना हे चार आकडे हातात असू द्या, नाहीतर तोही पाळीवर उभा राहून “ठीक वाटतंय” म्हणेल आणि चहा घेऊन जाईल.

सांडव्याच्या बाबतीत आपलीच माणसं काय करतात ते सांगतो, कारण तांत्रिक दोषांपेक्षा यातूनच जास्त बोड्या जातात.

एक, सप्टेंबरमध्ये पाणी जास्त राहावं म्हणून उंबऱ्यावर रेतीची पोती रचतात. एक फूट पोती म्हणजे पाळीची एक फूट सुरक्षितता गेली, आणि परतीचा पाऊस काही तुम्हाला विचारून येत नाही. दोन, मासोळी वाहून जाऊ नये म्हणून बांबूची ताटी किंवा जाळी लावतात. त्यात पालापाचोळा अडकला की तो बांधच होतो. ज्यांना मासोळीचा ठेका दिला असेल त्यांच्याशी भांडू नका, त्यांचंही पोट आहे. ताटी सांडव्याच्या तोंडापासून आत, अर्धगोल आणि लांब लावली तर पाणीही जातं आणि मासेही राहतात. ती रोज साफ करणं ही ठेक्याची अट म्हणून लिहून घ्या. तीन, सांडव्याच्या खालच्या पाटात कुणीतरी धानाची बांधी काढतं. आमच्याकडे ते ‘कुणीतरी’ म्हणजे आमचेच काका होते. तो विषय दिवाळीपर्यंत चालला.

५. झिरपा: घाबरायचं कधी, नाही कधी

आता त्या फोनकडे येतो. मातीची पाळ झिरपतेच, झिरपत नाही अशी पाळ मी पाहिलेली नाही. प्रश्न किती झिरपते हा नाही, पाण्याबरोबर काय येतं हा आहे. आमच्या बोडीचं पाणी सोडणारे एक म्हातारे काका होते, शाळेत न गेलेले. ते ओंजळीत पाणी घेऊन उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, “पाणी गेलं तं जाऊ दे, माती नाई गेली पायजे.” पुढे वाचलेल्या सगळ्या पुस्तकी माहितीत याहून वेगळं काही सापडलं नाही.

करायचं असं. पायथ्याशी जिथे पाणी सुटतं तिथे छोटी चर काढून ते एका जागी गोळा करा, तिथे पाइपचा तुकडा बसवा. बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. त्याच वेळी बोडीतली पातळी रंगवलेल्या बांबूवर वाचा आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. पारदर्शक बाटली त्याच पाण्यानं भरून रात्रभर स्थिर ठेवा आणि सकाळी तळाशी गाळ बसला का ते पाहा.

आमची बादली पहिल्या आठवड्यात ५० सेकंदांत भरत होती, बाटलीचा तळ स्वच्छ होता. पातळी उतरली तसं ५० चं ७०, मग ९० झालं. हे ठीक आहे. पातळी तीच किंवा कमी असताना बादली लवकर भरू लागली, बाटलीत गाळ दिसला किंवा पाणी उकळी फुटल्यासारखं रेती उडवत येऊ लागलं, तर पाळीच्या पोटात नळी तयार होते आहे. तिथून पुढे हिशेब तासांचा असतो, दिवसांचा नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, त्याच्या आधीपासून गावकरी गळतीच्या तक्रारी करत होते.

आणि आता माझा चुकीचा सल्ला. बाहेरून माती लावून तोंड बुजवलं तर पाणी थांबत नाही, ते आत तुंबतं, मागचा उतार भिजून ढिला होतो आणि दोन हात पलीकडे नवं तोंड फुटतं. पाण्याला वाट द्यायची आणि माती अडवायची. त्यासाठी ओल्या जागेवर आधी वीतभर धुतलेली जाड रेती, तिच्यावर बारीक गिट्टी, तिच्यावर दगड. हाच क्रम. थेट दगड टाकले तर फटींतून माती निघून जाते. आम्ही पुढच्या मे महिन्यात तीन ट्रॉल्या रेती आणि दोन गिट्टी घालून पायथ्याला पाच मीटर रुंद असं जोतं दिलं. बादली अजून भरते, साधारण तेवढ्याच वेळात. बाटली स्वच्छ असते. मी समाधानी आहे.

६. तुडूम

पाणी सोडायची मोरी, आमच्याकडे तिला तुडूम म्हणतात. जुन्या बोड्यांत ती दगडी किंवा लाकडी असते, नंतर कुणीतरी त्यात सिमेंटचा पाइप घुसवलेला असतो. पाइपच्या भोवतीची माती नीट ठोकलेली नसते, आणि पाणी पाइपच्या आतून न जाता बाहेरून, त्याच्या अंगाला लागून जातं. १९६१ च्या जुलैत पानशेतची पाळ खचली तीही विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीच्या, वरच्याच भागात. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, १२ जुलैला सकाळी धरण फुटलं.

तपासणी सोपी आहे. तुडूम घट्ट बंद करा आणि मागच्या तोंडाशी बसा. पाइपच्या आतून ठिबकत असेल तर झाकणाचा दोष, तो पाणी उतरल्यावर दुरुस्त होतो. पाइपच्या भोवतालून येत असेल तर तो पाळीचा दोष. पाइपच्या बरोबर वर माथ्यावर खड्डा पडला असेल तर पुढचं पाणी भरू देऊ नका. दुरुस्ती म्हणजे उन्हाळ्यात पाळ तिथे उघडून पाइप नव्यानं बसवणं, आणि ते स्वस्त नाही. आमचा निम्मा खर्च एवढ्या एका कामावर झाला.

तुडूम एकदम उघडून बोडी रिकामी करण्याचा उत्साहही नको. बाहेरचं पाणी झपाट्यानं उतरलं की पाण्याकडचा भिजलेला उतार घसरतो. संकट नसेल तर दिवसाला फूटभराहून जास्त उतरवू नका.

७. खेकडे, घुशी, सायाळ

तिवरेच्या वेळी खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि राज्यभर चेष्टा झाली. एवढ्या मोठ्या धरणाच्या बाबतीत चेष्टा होणारच. पण तीन मीटरच्या पाळीत खेकड्याचं बीळ ही चेष्टेची गोष्ट नाही, आणि सायाळीचं तर मुळीच नाही. सळई घालून बीळ किती आत जातं ते पाहा. उथळ असेल तर खणून ओल्या मातीनं ठोकून भरा. खोल असेल तर दहा घमेली मातीला एक घमेलं सिमेंट घालून पातळ राबडी करा आणि नळकांड्यानं ओता, बीळ काठोकाठ भरेपर्यंत. वारूळ दिसलं तर नुसतं वरचं टोपरं फोडून उपयोग नाही.

८. पाळीवरचा मोह

आमच्या पाळीवर तीन मोहाची झाडं आहेत. सगळ्यात जुन्याखाली घरच्या देवाचा दगड. ज्यानं त्यानं सल्ला दिला, “तोडून टाक.” झाड तोडता येतं, मुळं तोडता येत नाहीत. ती आत राहून कुजली की मुळांच्या जाडीच्या पोकळ नळ्या पाळीत राहतात. मनगटाहून बारीक झाड मुळासकट काढून खड्डा ठोकून भरावा. मोठ्या निरोगी झाडाला हात लावू नये, मेलेल्या किंवा कललेल्या मोठ्या झाडाचं काम अभियंत्याला विचारून, पाळ तिथे जाड करून मगच. शिवाय मोह, ऐन, जांभूळ ही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतली झाडं आहेत, स्वतःच्या शेतातही परवानगी लागते. आमचे मोह उभे आहेत. नवं रोप मात्र आता पाळीवर लावू देत नाही, वनमहोत्सवाला शाळेची मुलं घेऊन आली तरी.

९. दुरुस्ती करताना

जेसीबीवाला म्हणेल, “साहेब, एका दिवसात पाळ उंच करून देतो.” तो पोटातली माती उचलून माथ्यावर ढीग घालेल, बकेटनं थापटेल आणि जाईल. पहिल्या पावसात ते सगळं खाली येतं. आमच्या शेजारच्या बोडीत हेच झालं. शिवाय पाळीच्या पायाशीच खणल्यानं तिथली पाणी न सोडणारी जुनी गाळमातीची साय फाटली आणि बोडी पाणीच धरेना.

म्हणून गाळ काढताना पाण्याकडच्या पायथ्यापासून निदान पाच-सात मीटर जागा सोडा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ किंवा कृषी खात्याच्या बोडी नूतनीकरणासारख्या योजनेतून काम होत असलं तरी ही ओळ ठेकेदाराला चुन्यानं आखून द्या. नवी माती घालण्याआधी जुन्या उतारावरचं गवत खरवडा आणि पायऱ्या कापा, म्हणजे नवं-जुनं एकमेकांत बसतं. माती वीतभर जाडीच्या थरातच पसरवा. मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि टाकला तर फुटावा, इतकीच ओल हवी. प्रत्येक थरावर रोलर, नाहीतर भरलेली ट्रॉली दहा वेळा. पाण्याकडे चिकण माती, मागे मुरूम. उलट केलं तर पाणी आत कोंडतं. माथ्यावर मुरमाचा थर दिला की काळी माती तडकत नाही.

परवानग्यांत दोन ठिकाणी लोक अडकतात. मुरूम बाहेरून आणायचा तर गौण खनिजाचं स्वामित्वधन भरलेली पावती गाडीबरोबर हवी. आणि सांडव्याचं पाणी ज्या जागेतून जातं ती सातबाऱ्यावर झुडपी जंगल असेल, तर तिथे यंत्र घालण्याआधी वन विभागात जा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या जमिनी वनच असल्याचं सांगितलं आहे. आम्ही त्या बाजूला गेलोच नाही, सांडवा आपल्याच गटात दुसऱ्या अंगानं रुंद केला.

१०. मुसळधार पावसाची रात्र

हे कागदावर लिहून गोठ्याच्या दाराला आतून चिकटवा. त्या रात्री डोकं चालत नाही.

दर दोन तासांनी पातळी बघायची, एकट्यानं नाही, आणि माथ्यावरूनच. भिजलेल्या उतारावर उतरायचं नाही. सांडव्यातला कचरा लांब बांबूनं काढायचा. माथ्याला हातभर अंतर उरलं की तुडूम पूर्ण उघडायचा, पाणी उपसायचं इंजिन लावायचं. सांडव्याच्या शेजारच्या न हललेल्या मुरमाड जमिनीत पाण्याला जास्तीची वाट करून द्यायची. पाळीला कधीही चर मारायचा नाही. “थोडं पाणी काढून देऊ” म्हणून मारलेला हातभर चर तासाभरात बैलबंडी जाईल एवढा होतो.

पायथ्याशी उकळी फुटून गढूळ पाणी येत असेल तर तिच्याभोवती रेतीच्या पोत्यांचं कडं करायचं, विहिरीच्या कठड्यासारखं. आत पाणी साचू द्यायचं, ते उंच झालं की वेग मंदावतो. रेती उडायची थांबली की कडं आणखी उंच करू नका, उकळी पूर्ण बंद करायच्या फंदात पडू नका.

आणि हे सगळं दुसऱ्या क्रमांकाचं काम. गढूळ पाणी, खचलेला माथा किंवा माथ्यावरून वाहणारं पाणी, यातलं एक जरी दिसलं तर आधी खालच्या माणसांना उठवायचं. आमच्या यादीत वीटभट्टीचा मुकादम, नाल्याकाठची चार घरं, कोंबड्यांच्या शेडवर झोपणारा मुलगा आणि रोवणीच्या दिवसांत शेतावर मुक्कामी असलेली मजूर मंडळी आहेत. त्यांचे नंबर, पोलीस पाटील, ग्राम महसूल अधिकारी, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि ११२. मोबाइलला रेंज नसते म्हणून हनुमान मंदिराचा भोंगा कोण लावेल, तेही लिहिलं आहे. दर वर्षी मृगाच्या आधी भाऊ सगळे नंबर लावून बघतो. यंदा भट्टीचा मुकादम बदलला होता, जुन्या नंबरवर कुणी बालाघाटचा गृहस्थ उचलत होता.